दुसऱ्या लढतीचा कौल

पत्त्यांचा किंवा बुद्धिबळांचा डाव हरलेला मनुष्य सहसा एकच मागणी करितो: ‘आणखी एक डाव होऊं द्या.’ पुन्हां डाव मांडला जातो. या खेपेस तो जिंकला, म्हणजे पहिला डाव नजरचुकीनें गेला असें सर्वांस वाटूं लागतें. पुन्हां हरला, तर त्याची योग्यताच तेवढी, असा निकाल घरांतील थोरांपासून पोरांपर्यंत सर्वजण देऊन मोकळे होतात. हे दोन्ही निकाल घाईचे असतात. कारण दोन डावांत फरक कशामुळें पडला, हें पाहण्याचे श्रम कोणी घेतलेलेच नसतात. मुष्टियुद्धाच्या जगांत अजिंक्यपदाच्या लढतीनंतर त्याच दोघां वीरांची पुन्हां गांठ पडते, तेव्हांही नेमकें हेंच घडत आलें आहे. आणि तेथें ही घाई गप्पांपुरती राहत नाहीं. तिच्यावर माणसांची अब्रू, त्यांची भाकरी, आणि एका प्रसंगीं तर एका साऱ्या समाजाची आशा अवलंबून होती. म्हणून या दुसऱ्या लढतीचें मोल कसें करावें, याचा थोडा विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

मुष्टियुद्ध हा सौम्य खेळ नव्हे, हें प्रारंभींच मान्य केलें पाहिजे. त्यांत रक्त सांडतें, हाडें मोडतात, आणि क्वचित् प्राणही जातात. तथापि त्यास नियम आहेत. इंग्लंडांत १८६७ सालीं मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरी यांच्या नांवानें जे नियम प्रसिद्ध झाले, त्यांनीं हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, दोन फेऱ्यांमध्यें एक मिनिटाची विश्रांति, आणि पडलेल्यानें दहा सेकंदांच्या आंत उठण्याची अट, या गोष्टी रूढ केल्या. दहा अंक मोजून होईपर्यंत जो उठला नाहीं, तो हरला. दोघेही अखेरपर्यंत उभे राहिले, तर परीक्षकांच्या टांचणावरून निकाल लागतो. आपल्याकडील कुस्तींत पाठ मातीस लागली कीं वाद मिटतो. मुष्टियुद्धांत मात्र बहुधा वादास तेथूनच प्रारंभ होतो.

पहिलें उदाहरण अमेरिकेंतील जॅक डेम्प्सी व जीन टनी यांचें घेऊं. डेम्प्सी हा १९१९ पासून सर्वांत अवजड गटांतील जगाचा अजिंक्यवीर. पण २३ सप्टेंबर १९२६ रोजीं फिलाडेल्फिया येथें तो टनीपुढें उभा राहिला, तेव्हां तीन वर्षेंपर्यंत त्यानें अजिंक्यपदाची एकही लढत केलेली नव्हती. लाखाहून अधिक प्रेक्षकांसमक्ष, पावसांत, दहा फेऱ्यांअखेर टनी निर्विवादपणें जिंकला. वर्षभरानें, २२ सप्टेंबर १९२७ रोजीं, शिकागो येथें दोघांची पुन्हां गांठ पडली. सातव्या फेरींत डेम्प्सीनें एकामागून एक ठोसे लगावून टनीस खालीं पाडलें. परंतु प्रतिस्पर्धी पडला असतां दुसऱ्यानें दूरच्या मोकळ्या कोपऱ्यांत जाऊन उभें राहावें, तोंवर पंचानें मोजणी सुरू करूं नये, असा नियम त्या लढतीस लागू होता. पडलेल्याच्या उशाशीं उभें राहण्याची डेम्प्सीची जुनी संवय येथें त्यास आड आली. पंच डेव्ह बॅरी त्याला कोपऱ्याकडे पाठवीत असतां कांहीं सेकंद निघून गेले. मोजणी नऊवर आली तेव्हां टनी उठला. पण तोंपर्यंत सुमारें तेरा-चौदा सेकंद तो खालीं होता. पुढच्याच फेरींत टनीनें डेम्प्सीस पाडलें, आणि अखेरीस गुणांवर तोच जिंकला.

त्या चार सेकंदांवर पुढें वर्षानुवर्षें वाद चालला. तो पोरकट आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. तथापि त्याच्या धुरळ्यांत इतर सर्व कांहीं दिसेनासें झालें, हें मात्र खरें. दोन लढती मिळून वीस फेऱ्या झाल्या, आणि त्यांपैकीं बहुतेक टनीच्या होत्या. शिवाय, टनीचा धीर त्या रात्रीं आकाशांतून पडला नव्हता. २३ मे १९२२ रोजीं हॅरी ग्रेब नांवाच्या वीरानें पंधरा फेऱ्यांत त्याला रक्तबंबाळ करून हरविलें होतें. त्याच्या साऱ्या कारकीर्दींतील ती एकच हार. टनीनें त्या पराभवाचा अभ्यास केला, आणि नऊ महिन्यांनीं, फेब्रुवारी १९२३ मध्यें, त्याच ग्रेबकडून गुणांवर विजय मिळविला. शिकागोस खालीं पडल्यावरही जो गोंधळला नाहीं, नऊ अंकांपर्यंत बसून श्वास सांवरीत राहिला, आणि उठल्यावर पायांच्या चपळाईनें डेम्प्सीस दूर ठेवीत गेला, तो मनुष्य मार खाऊन शिकलेला होता. डेम्प्सीकडे ठोशाचें सामर्थ्य अजून होतें. पण नव्या नियमाप्रमाणें पाऊल टाकण्याचें तो शिकला नाहीं. आमच्या मतें शिकागोचा खरा निकाल हा आहे. घड्याळाचा वाद त्याच्यापुढें दुय्यम होय.

यावरून पहिली कसोटी निघते. दुसरी लढत पाहतांना कोण जिंकला हें विचारण्यापूर्वीं, पहिल्या लढतीनंतर कोण काय शिकला, हें विचारावें. या कसोटीचें सर्वांत मोठें उदाहरण म्हणजे जो लुई आणि माक्स श्मेलिंग.

१९३६ सालीं जो लुई हा बावीस वर्षांचा कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण तोंवर एकाही व्यावसायिक लढतींत हरलेला नव्हता. जर्मनीचा श्मेलिंग माजी अजिंक्यवीर, वय तीस, आणि लोकांच्या मतें उतरणीस लागलेला. लुईचें लक्ष त्या दिवसांत सरावापेक्षां गोल्फच्या खेळाकडे अधिक होतें. श्मेलिंगनें मात्र लुईच्या लढतींचे चित्रपट बारकाईनें पाहिले, आणि सरळ डावा ठोसा मारल्यावर लुईचा तो हात परत येतांना खालीं झुकतो, एवढी एक खोड हेरली. १९ जून १९३६ रोजीं न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्यें त्या झुकलेल्या हातावरून त्याचा उजवा ठोसा पुनः पुनः लुईच्या जबड्यावर बसला. चौथ्या फेरींत लुई खालीं आला; बाराव्या फेरींत तो उठूं शकला नाहीं. अमेरिकेंतील लक्षावधि कृष्णवर्णीयांनीं ज्याच्यावर आपला अभिमान ठेवला होता, तो वीर पडला; आणि जर्मनींत नाझी सत्तेनें या विजयाचा उपयोग आपल्या वंशश्रेष्ठत्वाच्या प्रचारासाठीं करून घेतला.

यानंतर न्याय म्हणून अजिंक्यवीर जेम्स ब्रॅडॉक याच्याशीं लढण्याची पाळी श्मेलिंगची होती. तसा करारही झाला होता. पण ब्रॅडॉकच्या बाजूनें तो टाळून लुईशीं लढत ठरविली, आणि २२ जून १९३७ रोजीं शिकागो येथें ब्रॅडॉकला पाडून लुई अजिंक्यवीर झाला. म्हणजे जिंकलेला बाहेर राहिला, आणि हरलेला गादीवर बसला! स्वतः लुईला याचें शल्य होतें. श्मेलिंगला हरविल्यावांचून आपण खरे अजिंक्यवीर नव्हे, असें तो बोलून दाखवी.

२२ जून १९३८ रोजीं त्याच यांकी स्टेडियममध्यें सुमारें सत्तर हजार लोकांसमोर दोघे पुन्हां उभे राहिले. या वेळीं लुईनें श्मेलिंगला विचार करावयास उसंतच दिली नाहीं. घंटा होतांच तो अंगावर गेला. डाव्या हाताचा तीक्ष्ण ठोसा आणि त्यामागोमाग उजवा, असा मारा त्यानें इतका जवळून व इतका अखंड चालविला कीं, ती जुनी खोड हेरून उलट ठोसा मारण्यास श्मेलिंगला जागाच उरली नाहीं. दोरांशीं रेटलेला श्मेलिंग अंग वळवीत असतां एक ठोसा त्याच्या पाठीच्या बाजूस बसून मणक्याचें हाड मोडलें. तीन वेळां तो खालीं गेला, आणि दोन मिनिटें चार सेकंदांत पंच आर्थर डोनोव्हन यांनीं लढत संपविली.

आतां या दोन लढतींचा हिशोब कसा मांडावा? त्या काळच्या बहुतेकांनीं दुसऱ्या लढतीच्या स्पंजानें पहिली पाटी पुसून टाकली: १९३६ चा निकाल केवळ अपघात, आणि श्मेलिंग मुळांतच सामान्य. आम्हांस हें मान्य नाहीं. १९३६ सालीं श्मेलिंगनें जें केलें तें निव्वळ बुद्धीचें काम होतें. आणि १९३८ चा लुई त्याच पराभवाच्या शाळेंतून बाहेर पडला होता. त्या रात्रीचे १२४ सेकंद दोन वर्षांच्या अभ्यासाचें फळ होते, आणि धडा घालून देणारा गुरु होता स्वतः श्मेलिंग. दुसरें असें कीं, श्मेलिंगचीं मधलीं दोन वर्षें त्याच्यावर झालेल्या अन्यायांत गेलीं. तो रिंगणांत आला तेव्हां बत्तीस वर्षांचा होता. लुई त्या रात्रीं श्रेष्ठ होता यांत तिळमात्र शंका नाहीं. पण दुसऱ्याचें श्रेष्ठत्व सिद्ध होण्यासाठीं पहिल्याची किंमत शून्य ठरविण्याचें कारण नाहीं.

लोकांनीं माणसाविषयींही असाच घाईचा निकाल दिला होता. श्मेलिंग हा नाझींचा वीर, अशी त्याची प्रतिमा अमेरिकेंत रूढ झाली. वस्तुतः तो त्या पक्षाचा सभासद नव्हता, आणि जो जेकब्स या आपल्या ज्यू व्यवस्थापकाला सोडण्यास त्यानें नकार दिला होता. त्याच १९३८ च्या नोव्हेंबरांत जर्मनीभर ज्यूंचीं घरें व दुकानें फोडलीं जात असतां त्यानें दोन ज्यू मुलांना बर्लिन येथें आपल्या खोलींत लपवून ठेवलें. ही गोष्ट स्वतः त्यानें मिरविली नाहीं. त्या मुलांपैकीं एकानें १९८९ सालीं ती सांगितली, तेव्हां जगाला कळली. महायुद्धानंतर लुई व श्मेलिंग यांचा स्नेह जमला, आणि तो १९८१ सालीं लुईच्या मृत्यूपर्यंत टिकला.

दुसरी कसोटी काळाची आहे. दोन लढतींच्या मध्यें किती वर्षें गेलीं, आणि त्यांनीं कोणाचें काय नेलें? १८ जून १९४१ रोजीं बिली कॉन हा लुईहून तोलानें सुमारें २५ रत्तल हलका असलेला तरुण न्यूयॉर्कमध्यें त्याच्यापुढें उभा राहिला. पायांच्या व हातांच्या वेगानें त्यानें लुईस असें कांहीं चकविलें कीं, पंधरांपैकीं बारा फेऱ्या संपल्या तेव्हां तिघांपैकीं दोघांच्या टांचणांत कॉन पुढें होता, आणि तिसऱ्याच्या टांचणांत दोघे समसमान. उरलेल्या तीन फेऱ्या संभाळून काढल्या असत्या तर अजिंक्यपद बहुधा त्याच्या हातीं होतें. पण बाराव्या फेरींत लुई डळमळतांना दिसला, आणि त्याला पाडण्याचा मोह कॉनला आवरला नाहीं. तेराव्या फेरींत तो भिडून लढूं लागला, आणि फेरी संपावयास दोन सेकंद उरले असतां स्वतःच मोजला गेला.

पुढें महायुद्ध आलें. दोघेही सैन्यांत गेले. १९ जून १९४६ रोजीं दुसरी लढत झाली, ती पाहून प्रेक्षक निराश झाले. कॉनचे पाय पूर्वींचे राहिले नव्हते. लुईही मंदावला होता. आठव्या फेरींत लुईनें त्याला संपविलें. ‘पाहा, पहिल्यांदां कॉनला नशिबानेंच साथ दिली होती,’ असें म्हणणारे तेव्हांही निघाले. परंतु १९४१ चे ते दोन तरुण त्या रात्रीं रिंगणांत नव्हतेच. ज्या दुसऱ्या लढतींत दोन्ही माणसें बदललेलीं असतात, ती पहिल्या लढतीविषयीं कांहींच सांगूं शकत नाहीं. तिला साक्षीस बोलावणें हाच अन्याय होय.

तिसरी कसोटी परीक्षकांची. ५ डिसेंबर १९४७ रोजीं लुईची गांठ जर्सी जो वॉलकॉट याच्याशीं पडली. वॉलकॉट लुईच्याच वयाचा, तेहतिसाचा. सहा मुलांचा बाप. हलाखींत दिवस काढलेला. जाणत्यांनीं त्याला मोजलेंच नव्हतें. त्यानें पहिल्या व चौथ्या फेरींत लुईला खालीं पाडलें, आणि पंधरा फेऱ्या असा कांहीं निसटत, वळत, उलट मारीत राहिला कीं, निकाल जाहीर होण्यापूर्वींच लुई खिन्न होऊन रिंगणांतून उतरूं लागला होता. पंच रूबी गोल्डस्टीन यांनीं वॉलकॉटला ७ फेऱ्या, लुईला ६, आणि २ समान दिल्या. पण दोन्ही परीक्षकांनीं लुईच्या बाजूनें कौल दिला. एकानें ९ विरुद्ध ६, दुसऱ्यानें ८ विरुद्ध ६ व १ समान. प्रेक्षकांनीं हुर्यो केली, आणि लुईनें वॉलकॉटजवळ दिलगिरी व्यक्त केली.

येथें वाचकांनीं एक हिशोब करून पाहावा. त्या काळीं न्यूयॉर्कमध्यें फेऱ्या मोजीत. एखादी फेरी काठावर जिंकली काय, किंवा प्रतिस्पर्ध्यास पाडून जिंकली काय, तिची किंमत एकच. आज सर्वत्र दहा गुणांची पद्धति आहे: फेरी जिंकणाऱ्यास १०, हरणाऱ्यास ९, आणि तो पडला असल्यास बहुधा ८. तिघांनींही पहिली व चौथी फेरी वॉलकॉटला दिली होती असें धरून हीच टांचणें आजच्या पद्धतीनें पुन्हां मांडलीं, तर गोल्डस्टीन यांच्या मतें वॉलकॉट तीन गुणांनीं पुढें येतो. ९ विरुद्ध ६ म्हणणाऱ्याच्या मतें लुई अवघ्या एका गुणानें. आणि तिसऱ्याच्या मतें दोघे अगदीं समान. म्हणजे माणसें तींच, ठोसे तेच, पाहणारे डोळेही तेच. केवळ मोजण्याची रीत बदलली कीं पराभवाची बरोबरी होते. बरोबरींतही अजिंक्यपद लुईकडेच राहिलें असतें. पण वॉलकॉटच्या नांवापुढें ‘हरला’ असें लिहिलें गेलें नसतें.

हा केवळ जुन्या काळचा दोष, असें कोणीं समजूं नये. १८ मे २०२४ रोजीं रियाध येथें युक्रेनचा ओलेक्झांडर ऊसिक आणि इंग्लंडचा टायसन फ्यूरी यांच्या लढतींत दोघां परीक्षकांनीं ऊसिकला ११५–११२ व ११४–११३ असें पुढें धरलें, तर तिसऱ्यानें फ्यूरीला ११४–११३. नवव्या फेरींत फ्यूरी दोरांच्या आधारानें कसाबसा उभा राहिला असतां पंचानें ती पडझड मानून मोजणी केली. तसें मानलें नसतें, तर मधलें टांचण समान होऊन सारी लढतच बरोबरींत सुटली असती. त्याच वर्षीं २१ डिसेंबरास दुसरी लढत झाली, आणि तींत तिघांनींही ११६–११२ असा एकच आंकडा लिहिला. पहिला निकाल इतका निसटता होता कीं, दुसरी लढत होणें हेंच न्याय्य होतें.

वॉलकॉटलाही दुसरी संधि मिळाली. २५ जून १९४८ रोजीं त्यानें तिसऱ्या फेरींत लुईला पुन्हां पाडलें. पण अकराव्या फेरींत लुईनें त्याला दोरांशीं गांठून संपविलें. ती लढत लुईची अजिंक्यपदाची अखेरची यशस्वी लढत ठरली. १९४९ च्या मार्चमध्यें तो निवृत्त झाला. लोकांनीं वॉलकॉटचें पान तेथेंच मिटलें. एझार्ड चार्ल्सकडून तो १९४९ सालीं हरला, आणि १९५१ च्या मार्चमध्यें पुन्हां हरला. तरीही त्याच वर्षीं १८ जुलै रोजीं पिट्सबर्ग येथें, चार्ल्सशीं तिसऱ्या गांठींत, सातव्या फेरींत डाव्या हाताच्या एका ठोशानें त्यानें अजिंक्यपद मिळविलें. पांचव्या प्रयत्नांत, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं! तोंपर्यंत त्या वयाचा मनुष्य या गटाचा अजिंक्यवीर झालेला नव्हता.

या वॉलकॉटची आणखी एक हकीकत आहे. २५ मे १९६५ रोजीं अमेरिकेंतील लुइस्टन या लहानशा गांवीं मुहम्मद अली व सनी लिस्टन यांची दुसरी लढत झाली, आणि तींत पंच होता हाच जर्सी जो वॉलकॉट. पहिल्याच फेरींत लिस्टन पडला. अली मोकळ्या कोपऱ्यांत जाईना. त्याला आवरतांना वॉलकॉटचें मोजणीकडे लक्ष राहिलें नाहीं. लिस्टन उठला, लढत पुन्हां सुरूही झाली, आणि मग रिंगणाबाहेर बसलेले पत्रकार नॅट फ्लायशर यांनीं दहा सेकंद केव्हांच होऊन गेल्याचें सांगितल्यावर वॉलकॉटनें ती थांबविली. परीक्षकांच्या टांचणामुळें ज्याचें पद एकदां हुकलें होतें, त्याच्याच हातून अशी धांदल झाली, आणि त्या लढतीविषयीं संशय कायम मागें राहिला. आम्हांस यांत वॉलकॉटचा उपहास करावयाचा नाहीं. पाहणें आणि निवाडा करणें किती कठीण आहे, हें ज्याला स्वतःच्या अनुभवानें ठाऊक, त्याचीही जर अशी तारांबळ उडते, तर ओसरीवर बसून निकाल देणाऱ्या आपल्यासारख्यांनीं किती सावध असावें!

म्हणून आमचें सांगणें इतकेंच. एखाद्या वीराची दुसरी लढत पाहण्याचा योग आला, तर पहिली पुसून टाकूं नये. दोन्ही शेजारीं ठेवून पाहाव्या. मधल्या काळांत कोण शिकला, कोण थकला, कोणावर अन्याय झाला, आणि निकाल कोणत्या मापानें मोजला गेला, हीं चार उत्तरें मिळाल्यावर मग खुशाल श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवावें. आणि पुढच्या वेळीं घरांतील एखादें पोर हरलेला डाव पुन्हां मांडावयास बसलें, तर त्याला ‘तूं हरणारच’ असें म्हणण्याऐवजीं, मागचा डाव कोठें चुकला हें त्याच्या ध्यानांत आलें आहे काय, एवढें जवळ बसून विचारावें.